अंगठा एकीकडे, डोके दुसरीकडे

प्रति,
दहावीचा निकाल लागताच पाल्याच्या नावाने 'इंटिग्रेटेड'ची पावती फाडणारे सन्माननीय पालक, महाराष्ट्र राज्य.

विषय : सरकारी की खासगी, हा प्रश्न एकाच पावतीत निकाली काढल्याबद्दल जाहीर अभिनंदन.

महोदय / महोदया,

कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात स्वीकारला आणि मधली दोन वर्षे 'कनिष्ठ महाविद्यालय' नावाच्या घरात राहावयास गेली. हे घर कोठे शाळेच्या माडीवर, तर कोठे मोठ्या महाविद्यालयाच्या मागील अंगणात थाटले गेल्याने ते ना धड शाळा राहिले, ना धड कॉलेज झाले. अशा अर्धवट घराला पूर्णत्व देण्याचे जे कार्य शासनास अर्धशतकात साधले नाही, ते पालकांनी केवळ धनादेशाच्या बळावर साधले, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात होणे अगत्याचे आहे.

या कार्याची थोरवी कळण्यासाठी प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. गावात ज्याला 'सरकारी कॉलेज' म्हणतात ते बहुधा सरकारचे नसतेच. ते एखाद्या शिक्षणसंस्थेचे असते, मात्र मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते, आणि म्हणून त्यास 'अनुदानित' म्हणतात. त्याच इमारतीत त्याच फळ्यासमोर बसणारी दुसरी तुकडी 'विनाअनुदानित' असू शकते, म्हणजे तिचा खर्च फीमधून भागतो. यांखेरीज 'कायम विनाअनुदानित' असाही एक प्रकार होता, ज्यातील 'कायम' हा शब्द पुढे शासनानेच वगळल्यामुळे सरकारी मराठीत कायमपणाची मुदत किती असते हे सर्वांस कळले. २०१२ च्या अधिनियमाने यात 'स्वयंअर्थसहाय्यित' या शब्दाची भर घातली. त्याचा सरळ अर्थ असा की संस्थेने अनुदान मागू नये आणि पालकांनी फीचा आकडा ऐकून दचकू नये. एकाच जिन्याने चढणाऱ्या दोन मुलांपैकी कोण सरकारी आणि कोण खासगी, हे गणवेशावरून ओळखता येत नाही. त्यासाठी फीची पावती पाहावी लागते.

इतका गुंता पालकांनी 'इंटिग्रेटेड' या एका शब्दाने सोडविला. या व्यवस्थेत विद्यार्थ्याचा प्रवेश कागदोपत्री एका मान्यताप्राप्त कनिष्ठ महाविद्यालयात असतो, शिकणे मात्र त्या महाविद्यालयाशी संधान बांधलेल्या खासगी क्लासमध्ये चालते. पहिल्या ठिकाणाहून प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्या ठिकाणाहून 'रँक', आणि फी लाखांत मोजली जात असल्याने शिक्षणाच्या दर्जाविषयी वेगळी शंका घेण्याचे कारण उरत नाही. जून २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तेव्हा या व्यवस्थेवर संकट कोसळेल असे काहींना वाटले होते. परंतु अंगठा हा शरीराचा असा अवयव आहे की तो उमटवून उरलेले शरीर दुसरीकडे नेता येते. ज्या राज्यात निरक्षरास 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणविले जात असे आणि सही करता येणे ही विद्येची पहिली पायरी मानली जात असे, त्या राज्यात विज्ञानाचा विद्यार्थी अंगठ्यापुरता शिल्लक राहावा, हे वर्तुळ पूर्ण झाल्याचेच लक्षण होय.

पालकांच्या या निर्णयामागे तर्क नाही असे मात्र कोणी म्हणू नये. वैद्यकीय प्रवेश 'नीट'च्या १८० प्रश्नांवर आणि ७२० गुणांवर ठरतो, अभियांत्रिकीचा प्रवेश मुख्यतः सीईटी अथवा जेईईवर ठरतो, आणि बारावीच्या गुणांकडे पात्रतेची किमान अट भागविणे एवढेच काम उरते. ज्या परीक्षेस उंबरठ्याचे मोल दिले गेले, ती ओलांडण्यापुरताच पाय उचलला जाणार. दुसऱ्या बाजूस अनुदानित महाविद्यालयात निवृत्त शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारा शिक्षक दोन-तीन ठिकाणी धावत असतो. तेव्हा पालक तेथून निघून गेले यापेक्षा ते तेथून हाकलले गेले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. गंमत अशी की ज्या लातूर पॅटर्नचे नाव आज क्लासच्या फलकांवर झळकते, तो राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या रीतसर महाविद्यालयांतील शिक्षकांनी जादा तास आणि चाचण्यांवर चाचण्या घेऊन उभा केला होता. खासगी क्लासने शोध लावला नाही. पडक्या वाड्याची दारे-खिडक्या काढून नव्या बंगल्यास बसविल्या.

तरीही एक वस्तू त्या वाड्यातच राहून गेली आहे, ती म्हणजे प्रयोगशाळा. बारावीच्या रसायनशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि त्यात ऑक्झॅलिक आम्लाचे पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करावयाचे असते, म्हणजे ब्युरेटमधून जांभळे द्रावण थेंबथेंब सोडून फिकट गुलाबी रंग टिकतो तो क्षण पकडायचा असतो. इंटिग्रेटेड विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत तिन्ही वाचने अचूक सारखी येतात, कारण ती मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून उतरविलेली असतात. खाली 'सीबीआर', म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन, हेही डौलाने लिहिलेले असते. परीक्षेच्या दिवशी मात्र आम्ल गरम करून घ्यावे लागते हे ठाऊक नसल्याने पहिल्याच थेंबाचा रंग जाता जात नाही, आणि अंतिम बिंदू आरंभीच गाठल्याच्या आनंदात तो वाचन लिहून मोकळा होतो. बाहेरून आलेले परीक्षक समजूतदार असल्यास गुण पूर्ण मिळतात. सबब या प्रसंगाची पालकांनी चिंता करू नये. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाच्या बाबतीतही परीक्षक समजूतदारच भेटतील, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

सबब विनंती एवढीच की पुढील पावती फाडण्यापूर्वी पालकांनी जवळच्या अनुदानित महाविद्यालयात एकदा जावे, आणि मागील वर्षीचे टॉपर किती हे न विचारता शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, वेळापत्रकातील किती तास खरोखर होतात आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, हे विचारावे. हेच तीन प्रश्न खासगी संस्थेसही विचारावेत. उत्तरे दोन्हीकडे सारखीच आली तर निदान निवड कशाची करीत आहोत, याचा उलगडा होईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

प्रत माहितीसाठी :
१) प्रयोगशाळा परिचर : किल्ली सापडल्यास कळवावे.
२) संबंधित विद्यार्थी : हे पत्र परीक्षेस नाही, तरी वाचल्यास हरकत नाही.