टर्बाइनमामा

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर चहा घेताना "आज फार उकडतंय" असं चुकूनही म्हणू नये. बाकावरचे टर्बाइनमामा लगेच वळतात. "हे उकडणं? टर्बाइनच्या मागं उभा राहा एकदा."

टर्बाइनवर चालणारी मोटार मामांनी पाहिलेली नाही. जव्हार-मोखाड्यात ती कुणीच पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांना अडवणारंही कुणी नाही. मामा स्वतः मोखाड्याहून जीपनं येतात.

त्यांची खरी जखम जग्वारची. 2010 साली पॅरिसच्या प्रदर्शनात जग्वारनं सी-एक्स75 मांडली. कंपनी 2008 पासून टाटांची, म्हणजे मामांच्या हिशेबी घरचीच. चार चाकांना विजेच्या चार मोटरी आणि बॅटरी भरायला मिनिटाला 80 हजार फेरे घेणारी दोन इवलीशी टर्बाइनं. पुढे टर्बाइनं जाऊन पेट्रोल इंजिन आलं आणि 2012 च्या डिसेंबरात सगळंच गुंडाळलं. कारण दिलं मंदीचं. मामांना ते मान्य नाही. "धूर सोडायचा कुठं, हे सुचलं नसणार!"

अडचण खोटी नाही. जाळायला लागते त्याच्या कितीतरी पट हवा टर्बाइन ओढतं आणि सगळी तापवून बाहेर फेकतं. मामा आपल्या रस्त्यावर हिशेब मांडतात. "मागं सोडला, तर जीपच्या पायरीवर लटकलेली माणसं भाजतील. खाली सोडला, तर दिवाळीनंतर कडेचं गवत पेटेल. वर सोडला, तर टपावरची कोंबडी मोखाडा येईस्तोवर शिजेल." ही तिसरी अडचण आहे, असं बाकावर कुणालाच वाटत नाही.

उपाय म्हणजे वैल. चुलीवर भाकरी, उरल्या आचेवर वैलात दूध. क्रायस्लरनं 1963 पासून अमेरिकेत 203 जणांना आळीपाळीनं टर्बाइनच्या गाड्या वापरायला दिल्या, त्यांत हीच युक्ती होती. फिरत्या जाळीदार चकत्या धुराची धग घेत आणि आत येणाऱ्या हवेला देत. इंधन वाचे, धूरही निवे. "आमच्या आयांना हे कधीचं ठाऊक," मामा मांडीवर थाप मारतात. घरी त्यांच्या गॅस आहे.

इथवर निम्मा बाक पेंगलेला असतो. मग मामा सांगतात की त्या गाडीला रॉकेल चाले, डिझेल चाले, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तर म्हणे टकीला, म्हणजे तिकडची दारूच, घालून फिरवली. बाक खडबडून जागा होतो.

"मोहाची चालंल?"

"पळेल!"

"मग मागनं वास येत आसंल?"

"छे! सगळी जळून जाते. वासाचं नाव नाही."

विचारणारा टोपी झटकून उठला. "मंग कशाला जाळायची?"