चारही सारखे

आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. मिलिमीटरराव टायरवरून ओळखतात. "काल तुझ्याकडे कोण आलं होतं रे? १९५/८० आर १५, मागचा डावा जरा बसलेला?" असं त्यांनी विचारलं की मी मनातल्या मनात पाहुण्यांची यादी चाळतो, जिम्नीपाशी थांबतो आणि "मेहुणा" म्हणून मोकळा होतो. मेहुण्याचं नाव त्यांना अजून माहीत नाही. हवा मात्र माहीत आहे.

दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाले वाचतात. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी क्वालिटी इन्स्पेक्शन केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि व्हर्निअर काढून घेतला. ती पोकळी कशाने तरी भरणं भाग होतं. इतर निवृत्त लोक अध्यात्माकडे वळतात. मिलिमीटररावांनी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतली.

चारही चाकांना ताकद देणारी ही गाडी गेल्या महिन्यापर्यंत जो सर्वांत अवघड चढ चढली होती, तो आमच्या बेसमेंटचा रॅम्प. चिखल तिने पाहिला होता तो सोसायटीतल्या कुंड्यांचा. पण "असावी हो, वेळ सांगून येत नाही," असं काका म्हणायचे आणि वेळ येऊ नये म्हणून गाडी बाहेर काढायचे नाहीत.

या जातीचा प्रत्येक सोसायटीत एकेक नग असतो. सकाळी सातला चौकड्यांच्या हाफ पँटीत एक गृहस्थ आपल्याच गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसलेले दिसले, तर शेजारच्यांनी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावू नये. ते हवा बघत असतात. हवा टायर गार असतानाच बघायची असते. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि काटा खोटं बोलतो. म्हणून पंपावरच्या पोराने "तेहतीस टाकली काका" म्हटलं की काका त्याच्याकडे खोटी शपथ घेणाऱ्या साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहतात. पोराच्या खिशात हात पुसायचं फडकं असतं. काकांच्या खिशात, इतर लोक जिथे पेन लावतात तिथे, टायरच्या खाचेची खोली मोजायची पट्टी असते.

टायरवरची अक्षरं ते पोथीसारखी वाचतात. एकदा मी सहज विचारलं, "काका, २१५/६० आर १७ म्हणजे काय हो?" पुढचा पाऊण तास माझा नव्हता. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत! एका ओळीत तीन मापं. मी म्हटलं, "हा काय गोंधळ?" काका म्हणाले, "गोंधळ कसला? आपल्याकडे स्थळ बघताना मुलाची उंची फुटात, सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात आणि पगार लाखात सांगतात. लग्नं होतात ना?"

हस्तसामुद्रिकवाले तळहात बघून भविष्य सांगतात. काका टायर बघून भूतकाळ सांगतात, आणि तो जास्त लागतो. मधला पट्टा झिजलेला असेल तर माणूस टायर प्रमाणाबाहेर फुगवतो. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा बघायचा आळस. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट गेलेली. जागोजागी उंचवटे आणि खळगे असतील तर शॉकॲब्सॉर्बरने मान टाकलेली. एका सांत्वनभेटीला गेले असताना पार्किंगमधल्या गाडीकडे पाहून ते एवढे गंभीर झाले, की घरच्यांना त्यांचं दुःख पाहून आणखी भरून आलं. परतताना मला म्हणाले, "पुढचे दोन्ही गोटा झालेत रे. त्या मुलाला तेराव्यानंतर सांगितलं पाहिजे."

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला तो गेल्या पावसाळ्यात. माझीही गाडी चारही चाकांना ताकद देणारी. एका खड्ड्यात मागचा उजवा टायर बाजूने फाटला. टायर भिंतीला फाटला की पंक्चरवालाही हात जोडतो. दुकानदार म्हणाला, "एकच टाका साहेब, बाकीचे तीन अजून दहा हजार सहज जातील." मला तो देवमाणूस वाटला. एक टायर टाकला, शिसं लावून बॅलन्सिंग केलं आणि उरलेल्या पैशांच्या आनंदात घरी आलो.

काका रॅम्पच्या तोंडाशीच उभे होते. नव्या रबराचा वास त्यांना दुसऱ्या मजल्यावर येतो, अशी आमची समजूत आहे. खिशातली पट्टी बाहेर आली. "नवा आठ. जुने तीन. पाच मिलिमीटर," ते म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट वाचताना मध्येच थांबतात, तसे थांबले.

"पाच मिलिमीटरने काय होतंय काका?"

त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट काढलं आणि माझ्या बॉनेटवर ठेवून गणित मांडलं. त्रिज्येत पाच, म्हणजे व्यासात दहा, म्हणजे परिघात एकतीस मिलिमीटर. "तुझ्या मापाचा नवा टायर एका किलोमीटरला ४६१ वेळा फिरतो. जुना ४६८ वेळा. सात फेऱ्यांचा फरक. गोवा किती लांब? साडेचारशे धर. पणजी येईपर्यंत जुन्याने नव्यापेक्षा तीन हजार फेऱ्या जास्त मारल्या!"

"पण डिफरन्शियल असतं ना? वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतंच की."

"वळण संपतं रे," काका कळवळून म्हणाले. "तुझं वळण कात्रजला सुरू झालं, ते पणजीलाच संपणार."

मग आवाज खाली आणून त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या जोडीचा एकमेकींशी व्यवहार नसतो, म्हणून तिथे जोडी बदलून भागतं. माझ्यासारख्या गाडीत दोन्ही ॲक्सलच्या मध्ये क्लचच्या चकत्यांचं कपलिंग असतं. पुढची आणि मागची जोडी वेगळ्या गतीने फिरायला लागली की त्याला वाटतं, कुठलं तरी चाक घसरतंय. मग ते मदतीला धावतं. चकत्या घासतात, तेल तापतं. घसरत तर कोणीच नसतं. "एकच टायर बदललास म्हणून मागच्या ॲक्सलला सरासरीने निम्माच फरक पडतो. अर्धाच गुन्हा आहे, म्हणून गाडी अजून गप्प आहे. सुबारूवाले परिघात पाव इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाहीत. पाव इंच परीघ म्हणजे खाचेत एक मिलिमीटर. तुझे पाच आहेत!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदाराला म्हणाले, "अमेरिकेत नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात. तुमच्याकडे सोय आहे?" दुकानदार बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "साहेब, तीस वर्षांत घासलेला टायर नवा करून मागणारे पुष्कळ पाहिले. नवा घासून मागणारे तुम्ही पहिले."

शेवटी आणखी तीन नवे टायर घेतले. तसाही तीन मिलिमीटरचा टायर पावसात पाणी फेकायला कमीच पडतो, आणि १.६ मिलिमीटरला खाचेतल्या आडव्या पट्ट्या टायरच्या बरोबरीला आल्या की तो टाकूनच द्यायचा असतो. हे सगळं काकांनी मला बिल होताना समजावलं. बिल झाल्यावर समजावलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांचं टायमिंग नेहमी नेमकं असतं.

सोसायटीतली तरुण मंडळी त्यांना टाळतात. सी विंगमधल्या एकाने हौसेने रुंद, चकाकती अलॉय व्हील्स आणली. काकांनी त्याला जिन्यात गाठलं. "पीसीडी किती?" मुलगा म्हणाला, "पाच नट आहेत, बसतात." काका बसले. जिन्यातच. नटांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ हवा आणि रिम ११२ ची असेल, तर डोळ्यांना फरक कळत नाही. ओढूनताणून नट आवळताही येतात, पण ते जागेवर नीट बसत नाहीत आणि मग एक दिवस चाक आपल्या वाटेने जातं. "११४.३ हा आकडा विचित्र वाटतो ना? साडेचार इंच आहे तो. जिम्नीचा १३९.७ म्हणजे साडेपाच इंच." मग मधल्या भोकाचं माप, मग ऑफसेट. ऑफसेट चुकला की टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, बेअरिंगवर नको तो भार येतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून घासल्याचा आवाज येतो. मुलाने रिम्स परत केल्या. काकांचं पटलं म्हणून नव्हे. रोज जिन्यात कोण थांबणार?

थारवाल्याचीही तीच गत. पाऊस पडतोय म्हणून त्याने कर्वे रस्त्यावर ४एच टाकलं आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी लंगडायला लागली. काका ट्रॅफिक हवालदारासारखे दोन्ही हात वर करून धावले. "अरे, हिच्यात मधलं डिफरन्शियल नाही! ४एचमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधलेले असतात. चिखलात चाक जरा घसरून हिशोब मिटवतं. डांबरावर कुठे मिटवणार?"

स्टेपनीवर त्यांची विशेष माया. त्यांच्या गाडीची स्टेपनी बाकीच्या चौघांच्याच मापाची आणि तशाच रिमवर आहे. तिला ते डिकीत पडू देत नाहीत, ठरल्या वेळी चाकांच्या अदलाबदलीत पाचवी म्हणून फिरवतात. नाहीतर चौघं झिजतात, पाचवी कोरी राहते आणि नेमक्या अडचणीच्या वेळी वेगळ्या मापाची निघते. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी हे जादा चाक विकायला काढलं, म्हणून त्याला स्टेपनी म्हणतात. इंग्रज तो शब्द विसरले. आपल्याकडे तो इतका रुजला की काकूंना तो मराठीच वाटतो.

काकूंचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. काकूंना कोकण बघायचं होतं. दरवर्षी. दरवर्षी काका म्हणायचे, "घाटात टायर खाल्ले जातात." गेल्या महिन्यात त्या खाली आल्या, काकांच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि टायरच्या भिंतीवरच्या लंबवर्तुळातले चार आकडे मोठ्याने वाचले. "२७१८. म्हणजे काय हो?"

"२०१८ सालचा सत्ताविसावा आठवडा," काका अभिमानाने म्हणाले.

"माझा वाढदिवस कधी असतो?"

काका गप्प.

"आणि ह्या बारीक भेगा कसल्या?"

काका त्याहून गप्प. खाचा साडेपाच मिलिमीटर, चारही सारख्या, बोट ठेवायला जागा नाही. पण रबर नुसतं झिजत नाही, म्हातारंही होतं. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवायचा असतो आणि दहा वर्षांनी कितीही कोरा दिसला तरी टाकायचा असतो. भेगा दिसल्यावर तर तेवढंही थांबायचं नसतं. हे सगळं मिलिमीटररावांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांच्या पट्टीवर मिलिमीटर होते, वर्षं नव्हती.

"टायर झिजायच्या आधी म्हातारे केलेत," काकू उठत म्हणाल्या. "आमचं निदान एकदम झालं."

त्याच आठवड्यात पाच नवे टायर आले आणि दोघं कोकणात गेली. आंबा घाट उतरून रत्नागिरी, गणपतीपुळे करून आठवडाभराने परत आली. मी मुद्दाम खाली गेलो. "काय काका, काय काय पाहिलंत?"

काका उकिडवे बसले होते. चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं. "नऊशे किलोमीटर झाले," ते म्हणाले. "एक दशांश मिलिमीटर झिजले. चारही सारखे."

अशा माणसांना हसावं, पण त्यांच्या सोसायटीत राहावं. आणि तुम्ही हे वाचून खाली जाणारच असाल, तर टायरवरचे ते चार आकडे तेवढे बघा. हवा उद्या सकाळी, टायर गार असताना. स्टेपनीचीसुद्धा.