चिरंजीवांचा ट्रक आणि घोरपडीचा ब्रेक

फ्रिस्को, टेक्सस
ऑगस्ट

तीर्थस्वरूप बाबांना आणि आईंना शिरसाष्टांग नमस्कार,

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुमचे चिरंजीव माझ्या खांद्यावरून डोकावत असतात आणि आजचा विषय नेमका तेच आहेत. समोरच्या काकू गणपतीसाठी पुण्याला निघाल्यात, त्यांच्या बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये हे पाकीट सरकवलं आहे.

मागच्या रविवारी यांनी तुम्हाला एक ट्रक ओझरता दाखवला होता, आठवतंय? नातवासाठी घेतला म्हणाले. नातवाला त्याला हात लावायची अजून परवानगी नाही. कुणाच्या तरी गराज सेलमधून उचललेला जुना नायट्रो ट्रक आहे, रेडिओवर चालणारा. लांबीला दोन फुटांच्या आत, पण आत खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण लागतं, ते डब्यात विकत मिळतं आणि डब्यावर ‘२० टक्के’ लिहिलं असेल तर ते नायट्रोचं प्रमाण. गराजमध्ये आता त्याचाच वास. आई, तुम्ही दिलेला मेतकुटाचा डबा मी तिथून केव्हाच हलवला. हा ट्रक ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. चार-पाच किलो गव्हाची पिशवी त्या वेगानं घोट्यावर आली तर काय होईल, तेवढं डोळ्यांपुढे आणा.

बाबा, यातली एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. या इंजिनाला ठिणगी पडत नाही. सुरू करताना ग्लो प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावून त्याची तार तापवायची, इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. त्या तारेतलं प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांचं आपापसात असं काही जमतं की पुढे ती तार आपल्या आपण लाल राहते. ऐकायला छान आहे. पण याचा अर्थ असा, की बंद करायला किल्ली नाही. इंधनाची नळी चिमटीत धरा, हवा कोंडा, नाहीतर फ्लायव्हील दाबून थांबवा. म्हणजे आधी ट्रक हातात सापडायला हवा.

तो सापडला नाही, ती हकिगत अशी.

इथल्या मंडळाचं ढोल-ताशा पथक रविवारी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करतं. यांनी पलीकडचं टोक पकडलं. या ट्रकचा रेडिओ जुना, २७ मेगाहर्ट्झचा. खऱ्या ट्रकवाल्यांचे सीबी रेडिओही त्याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे हमरस्त्यावरून जाणारा कुणी दादा ‘पुढे पोलीस आहे’ एवढं जरी बोलला तरी आमच्या ट्रकच्या कानात शिरू शकतं. त्यात रिसीव्हरच्या एरियलची वायर लोंबते म्हणून चिरंजीवांनी ती गुंडाळून रबर लावून ठेवलेली. ती मोकळी, ताठ हवी, कापायची नाही, गुंडाळायची नाही, असं पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तक मी वाचलं. त्यांनी चित्रं पाहिली.

व्हायचं तेच झालं. थ्रॉटल पूर्ण दाबलेलं असताना सिग्नल गेला, सर्व्हो (थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) होता तिथेच थिजला आणि ट्रक शेवटचा हुकूम पाळत सरळ पथकाकडे निघाला. हे मागे धावताहेत, रिमोट हवेत, ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडताहेत. पण चाळीस ढोल वाजत असताना कोण ऐकतं? उलट दोघांनी हात हलवून यांना प्रोत्साहन दिलं. ट्रक जमिनीवर ठेवलेल्या एका ढोलावर चढला, उलटा झाला आणि चाकं वर करून किंचाळत राहिला. शेवटी ताशा वाजवणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं पुढे होऊन, चासीच्या खालच्या फटीतून दिसणाऱ्या फ्लायव्हीलवर बुटाचा तळवा टेकवला. इंजिन बंद. ढोलाचं पान फाटलं, ते आम्ही भरून दिलं. त्या मुलाला मी घरी जेवायला बोलावलं आहे.

मग ‘फेलसेफ’ नावाचं यंत्र आलं. आगपेटीहून लहान डबी, दोन बाजूंना तीन-तीन वायरी. थ्रॉटलच्या सर्व्होचा प्लग रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनेलमधून काढायचा, तिथे या डबीचा प्लग बसवायचा आणि सर्व्हो डबीला जोडायचा. म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होच्या मधोमध ही बसते आणि येणारा प्रत्येक हुकूम तपासून पुढे सोडते. हुकूम येईनासा झाला, किंवा बॅटरीचा दाब ठरावीक आकड्याखाली गेला, की तिला आधी पढवून ठेवलेल्या जागी ती सर्व्होला नेते. ही जागा म्हणजे हलकासा ब्रेक. पूर्ण ब्रेक नको, नाहीतर पळता ट्रक कोलांटी खातो.

जोडणी स्वयंपाकघराच्या टेबलावर पोळ्यांच्या वेळी झाली. डबीला पढवायचं तर रिमोटचा घोडा ब्रेकवर धरून बटण दाबायचं असतं. चिरंजीवांनी घोडा उलट्या बाजूला धरून दाबलं. दिवा लागला, यांना समाधान वाटलं. मी म्हटलं, चाकं अधांतरी ठेवा, इंजिन बंदच राहू द्या आणि रिमोट बंद करून बघा. बघितलं, तर सर्व्हो झोकात फिरला आणि कार्ब्युरेटर पूर्ण उघडला! आधी ट्रक सिग्नल गेला म्हणून पळाला होता, आता सिग्नल गेल्यावर पळायचं त्याला रीतसर शिकवून ठेवलं होतं. पुन्हा पढवलं, या वेळी घोडा मी धरला. आता रिमोट बंद केला की ब्रेक लागतो. ट्रकमधला पेन्सिल सेलचा खटारा डबा धक्क्यानं सैल होत होता, त्याच्या जागी पाच सेलचा सोल्डर केलेला सहा व्होल्टचा पॅकही बसवून घेतला. हे काम मात्र त्यांनी छान केलं, खोटं का बोलू.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही रेल्वेच्या घोरपडी डिझेल शेडमध्ये उमर काढली. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये पाच किलोचा दाब असतो, पाइप तुटला की हवा जाते आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो, हे तुम्हीच मला लग्नानंतर पहिल्या रेल्वेप्रवासात मिरजेपर्यंत समजावून सांगितलं होतं. वेस्टिंगहाउसनं ही युक्ती १८७२ मध्ये काढली, हेही. सगळं बिघडलं तरी गाडी थांबलीच पाहिजे.

आमच्या डबीचं तसं नाही. ब्रेक लावायला तिला वीज लागते. दाब हळूहळू उतरला तर ती वेळेत जागी होते, पण बॅटरीचा प्लगच निखळला तर डबीही मेली, सर्व्होही मेला आणि थ्रॉटल होतं तिथेच उघडं. यावर उपाय म्हणजे कार्ब्युरेटरच्या दांडीला एक बारीक स्प्रिंग, सर्व्होनं सोडलं की थ्रॉटल मिटवणारी. सर्व्होला ओढता येईल इतपतच ताठ हवी, एवढीच काळजी. इंजिन मंद चालत राहील, पण ट्रक पळणार नाही. मी हे सांगितलं, तर उत्तर आलं, ‘एवढं इलेक्ट्रॉनिक्स लावल्यावर स्प्रिंग कसली? ते जुनाट झालं.’ जुनाट! घोरपडीच्या माणसाचा मुलगा हे म्हणतो.

माझं म्हणणं या घरात सासरहून शिक्का लागल्याशिवाय मंजूर होत नाही, म्हणून हा सारा प्रपंच. येत्या रविवारी फोनवर ट्रकची चौकशी करा आणि सहज विचारा, ‘बॅटरीची वायर निघाली तर तुझा ट्रक काय करतो रे?’ बास. पुढे गप्प बसा. तुम्ही गप्प बसलात की यांना घाम फुटतो, हे मी पाहिलेलं आहे. माझं नाव मात्र येऊ देऊ नका.

आईंच्या गुडघ्यांना जपा. 

आपली,
सूनबाई

ता. क. स्प्रिंग इथे मिळते. शेडमधल्या जुन्या मित्रांना सांगून मोठी पाठवू नका.