नानांची गोळाबेरीज

पळणारा माणूस बुटांवरून ओळखावा म्हणतात. आमचे नाना पिशवीवरून ओळखू येतात. रविवारी पहाटे आमचा घोळका साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी जमतो, तेव्हा बाकीच्यांच्या हातात फार तर पाण्याची बाटली असते. नाना डिकी उघडतात आणि एक लांबलचक पिशवी खांद्याला अडकवतात. नव्या माणसाला वाटतं, हे आता तंबोरा लावणार.

नाना सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवल्यावर पळायला लागले. इथवर ते चारचौघांसारखेच. पण पहिल्यांदा घाट चढून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की घरचा जिना कठडा धरून आडवं आडवं उतरायची पाळी आली. चढाला फक्त दम लागतो. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजनही पेलत असतो, आणि दुखणं खरं तिथून येतं. कुणीतरी दया येऊन नानांना फोम रोलर दिला. त्यावर मांड्या फिरवताना नानांना साक्षात्कार झाला की पळण्यापेक्षा पळून झाल्यानंतरचा कार्यक्रम आपल्याला जास्त आवडतो. तेव्हापासून ते पळतात थोडं आणि सावरतात फार.

पहिला स्वतःचा रोलर त्यांनी पांढरा, हलका आणि स्वस्त घेतला. नानांच्या देहाखाली तो पावसाळा संपायच्या आत मधोमध बसला. दुसरा त्यांनी ईर्ष्येनं घेतला, काळा आणि दगडासारखा कडक. त्यावर मांडी टेकल्याक्षणी त्यांच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो काकूंनी उभ्या संसारात ऐकला नव्हता. तिसरा मात्र जमला: आत पोकळ कडक नळी, वरून खाचाखाचांचा फोम, दाबला तर थोडा दबतो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. आता दुकानात कुणी रोलर बघताना दिसला की नाना मध्ये पडतात. ‘‘नवीन आहात ना? मग मऊच घ्या. छत्तीस इंची घेतलात तर त्याच्यावर पाठ लांबवर टेकून पडता येतं, पण एसटीत कंडक्टर तिकीट मागेल. बारा इंची पोटरीला भरपूर झाला.’’ दुकानदार हे ऐकत उभा असतो. पगार द्यायला लागत नाही म्हणून तो काही बोलत नाही.

चेंडूंचं प्रकरण निराळं. रोलर रुंद, त्यामुळे खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला किंवा कुल्ल्याच्या खोल भागात तो पोहोचत नाही. तिथं चेंडू लागतो. नानांच्या संग्रहात लॅक्रॉसचा चेंडू आहे, भरीव रबराचा आणि अजिबात न दबणारा. लॅक्रॉस कसा खेळतात, किती खेळाडू असतात, हे नानांना ठाऊक नाही. जाणून घ्यायची इच्छाही नाही. तळव्याखाली फिरवायला गोल्फचा चेंडू आहे. तळवा फारच ठणकत असेल तर बर्फ केलेली पाण्याची बाटली, म्हणून काकूंच्या फ्रीजरमध्ये एक बाटली कायम आडवी असते आणि पाहुण्यांना पाणी कोमट मिळतं. एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून तोंडाला गाठ मारली की शेंगदाण्यासारखा जोडचेंडू तयार होतो. मणका मधल्या खाचेत राहतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू दाबले जातात. ही युक्ती खरोखर चांगली आहे. फक्त घरातला प्रत्येक मोजा त्यामुळे विधुर झाला.

टेनिसच्या चेंडूंवरून एकदा गच्चीवरच्या पोरांशी तंटाही झाला. चेंडू नानांच्या बाल्कनीत पडला होता. पोरं दारात आली तेव्हा नाना हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून गुडघ्यात वाकून हळूहळू वरखाली होत होते, डोळे मिटलेले.

‘‘नाना, आमचा बॉल आलाय का?’’

‘‘थांबा रे, तीस सेकंद झाले की देतो.’’

पोरं थांबली. नानांनी खांदा बदलला. ‘‘आता डावीकडचे तीस.’’ मॅच तिकडे अनिर्णित राहिली.

नानांचं प्रवचनही ऐकण्यासारखं असतं. एका स्नायूवर अर्ध्या ते दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये. घाई नको, सेकंदाला इंचभर पुरे. श्वास कोंडू नये. दुखणं दहापैकी सहा-सातच्या वर गेलं तर दाब कमी करावा. कंबरेवर, गुडघ्याच्या वाटीवर, हाडावर रोलर चालवू नये. पोटरीवर शिरा फुगल्या असतील तर त्यांच्या वाटेलाही जाऊ नये. हे सगळं बरोबर आहे आणि यातलं नाना स्वतः काहीही पाळत नाहीत. दात ओठ खात, श्वास कोंडून, मांडीच्या बाहेरच्या कडेवर ते रगडत राहतात. तिथं आयटी बँड नावाचा जाड पट्टा असतो, आणि तो लांबवल्याशिवाय आपला वेग वाढणार नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आमच्या घोळक्यात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे. तिला एकदा राहवलं नाही. ‘‘नाना, तो पट्टा लाटून लांबत नाही हो. 2008 साली काही संशोधकांनी गणित मांडलं होतं. तिथल्या आवरणाला नुसतं एक टक्का दाबायचं तर सव्वानऊशे किलोचा भार लागेल, असं उत्तर आलं.’’

‘‘आणि माझ्या गाठी फुटतात त्या?’’

‘‘गाठ फुटत नाही. दाब दिल्यावर दुखणं जरा सुसह्य होतं, सांधा थोडा वेळ मोकळा वाटतो.’’

‘‘बरं, पण लॅक्टिक अ‍ॅसिड तरी निघतं ना?’’

‘‘ते तुम्ही घरी पोहोचून अंघोळ करेपर्यंत आपोआपच निवळलेलं असतं.’’

2019 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एकवीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोलरचा फायदा निघाला, पण बेताचाच, हेही तिनं सांगून टाकलं. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते कडेला उभ्या असलेल्या आपल्या मोटारीकडे बराच वेळ बघत राहिले. तिचं वजन साधारण तेवढंच भरेल. आम्ही सावधगिरी म्हणून किल्ली मागून घेतली.

मला विचाराल तर नानांचं पारडं अगदीच हलकं नाही. अंग धरतं ते एक ते तीन दिवसांत कळस गाठतं आणि मग उतरतंच. रोलर फिरवा नाहीतर सत्यनारायण घाला. पण त्या मधल्या दिवसांत संडासला बसताना निम्मा जरी आधार कमी लागला, तरी माणूस रोलरचे पैसे वसूल झाले असं म्हणतो.

साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. 21 किलोमीटर, घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं उतरायचं. यंदा नानांनी नाव नोंदवलं, बिब घेतला, आणि आदल्या रात्री पूर्वतयारी म्हणून काळा कडक रोलर बाहेर काढला. सकाळी मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग होता आणि पाय उचलत नव्हता. आम्ही शेवटची रेघ ओलांडून पाय ओढत आलो, तर कडेला नानांनी सतरंजी पसरलेली. एक जण रोलरवर पालथा, दुसऱ्याच्या तळव्याखाली गोल्फचा चेंडू, तिसरा नंबर लावून उभा. पोलिसातला एक धिप्पाड गडी जोडचेंडूवर पडून ‘‘नाना, जरा डावीकडं’’ म्हणत होता. नाना घामाघूम झाले होते.

‘‘नाना, तुमचं टायमिंग किती?’’ मी विचारलं.

‘‘अरे, पळायला वेळ कुठं मिळाला!’’ नाना म्हणाले. ‘‘तू बूट काढ आधी.’’