संप, चवीपुरता

लोअर परळमध्ये भूक लागली तर आता आधी फोन करून टेबल राखून ठेवावं लागतं. पूर्वी इथली भूक भोंग्याच्या वेळेवर लागायची. भोंगे थांबले, गिरण्या गेल्या, एखादी चिमणी तेवढी शोभेला राहिली. अशाच एका आवारात एक उंची रेस्टॉरंट आहे. त्याचं नाव सांगत नाही. त्यांच्या मेन्यूकार्डातही पदार्थाचं नाव सोडून बाकी सगळं लिहिलेलं असतं.

माणशी साडेचार हजारांत तिथे ‘गिरणगाव’ नावाचा नऊ पदार्थांचा बेत मिळतो. भाचीला पगारवाढ झाली म्हणून ती आम्हा दोघांना आणि आमच्या मामेसासऱ्यांना घेऊन गेली. मामा गिरणीच्या साचेखात्यात होते, त्यामुळे त्यांना हे आवडेल असा तिचा हिशेब. मामांना फक्त एवढंच कळलं होतं की जेवायला जायचंय. म्हणून ते दुपारी जेवले नव्हते.

सुरुवात पाण्याने झाली. साधं, हिमालयातलं की बुडबुड्यांचं, असं विचारण्यात आलं. मामा म्हणाले, “नळाचं.” वाढणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की भाचीने घाईघाईने हिमालय मागवला. बाटलीवर छापलेल्या किमतीच्या तिप्पट. यात बेकायदा काही नाही. गिऱ्हाईक हॉटेलात नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, तिथल्या वातावरणाचाही लाभ घेतं, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये या जादा आकारणीला मोकळीक दिली. आम्ही तहानेपुरतं वातावरण प्यायलो.

मग पहिला पदार्थ आला, ‘भोंगा’. काचेचा घुमट, आत धूर. पोराने पाठ केलेलं निवेदन सुरू केलं, “सर, ही डिश म्हणजे एक जर्नी आहे...” जर्नी संपेपर्यंत घुमट उचलायचा नाही असा नियम होता. उचलला तेव्हा सगळा धूर मामांच्या तोंडावर आला. कापसाच्या धुळीत उभी हयात काढलेली छाती ती. पाच मिनिटं वाजत राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, त्यांनी मोबाइल वर केला. धुराखाली लसणीच्या चटणीचा एक ठिपका होता.

पुढे ‘चाळ’. पोस्टाच्या तिकिटाएवढे भाकरीचे तीन तुकडे, एकावर एक. मामांनी वरचे दोन मजले एका घासात खाल्ले आणि तळमजला माझ्या बायकोकडे सरकवला. मग ‘मावशीची खानावळ’ : सुक्या बोंबलाचा चिमूटभर चुरा आणि त्यावर तिरफळाचा फेस. स्पेनमध्ये फेरान आद्रिया या बल्लवाचार्याने ‘एल बुली’त जेवणाला फेस आणला. ते रेस्टॉरंट २०११ मध्ये बंद झालं, फेस मात्र आपल्याकडे अजून उतू जातोय. आपण चमचा उचलेपर्यंत तो बसतो आणि ताटलीत कुणीतरी भांडी घासून गेल्यासारखं दिसतं.

खऱ्या खानावळीचं गणित वेगळं होतं. बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या कामगाराला चाळीतली एखादी बाई दोन्ही वेळा जेवू घालायची आणि महिन्याचा हिशेब पगाराला व्हायचा. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. यांतल्या कुणा मावशीने चपाती वाढताना चपातीची जर्नी सांगितल्याचं मामांना आठवत नाही. “आणखी घे” एवढंच म्हणायच्या, म्हणाले.

मधले दोन-तीन पदार्थ सोडून देतो. तेही आम्हाला सोडूनच गेले.

बेताचा कळस होता ‘१९८२’. चौघांपुढे चार मोठ्या काळ्या ताटल्या आल्या. रिकाम्या. दिवे मंद झाले. “सर, हा संप आहे,” पोरगा हळू आवाजात म्हणाला. “दोन मिनिटं भूक फील करायची.” त्या साली कामगारनेते दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारीला बाहेर पडले, ते बहुतेकांना परत आत जाताच आलं नाही. हे सगळं या शेफसाहेबांनी दोन मिनिटांत बसवलं होतं, आणि स्वयंपाकघराला तेवढीच विश्रांती. मामा ताटलीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “संपात याच्यापेक्षा बरं होतं रे. गावाहून तांदूळ यायचे.”

बिलात संपाचे पैसे होतेच, शिवाय दहा टक्के सेवाशुल्क. पाण्याला तिप्पट घेतले ते सेवा आहे म्हणून, आणि त्या तिपटीवर पुन्हा सेवेचे दहा टक्के. सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावलंय, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. हे मी मॅनेजरला सांगितलं. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, “ऑफ कोर्स सर, ते ऐच्छिक आहे.” ऐच्छिक गोष्ट आधी छापायची आणि काढायला गिऱ्हाइकाने चारचौघांत तोंड उघडायचं, ही त्यातली खुबी. भाची टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती.

एवढ्यात मामांनी ते बिल ओढून घेतलं, चष्मा वर करून खालचा आकडा वाचला आणि मॅनेजरला म्हणाले, “खानावळ म्हणालात ना? मग लिहून ठेवा. पगाराला देतो.”

मॅनेजरचे डोळे चमकले. त्याने खिशातून छोटी वही काढली.

“ब्यूटिफुल, सर! हे आम्ही पुढच्या मेन्यूत वापरलं तर चालेल?”