झाकण नेमकं कोणासाठी?

घरी बीअर करणारा माणूस म्हणजे बेफिकीर, मनमौजी प्राणी, असा एक समज आहे. त्याला फर्मेंटर, म्हणजे बीअर आंबवायचं भांडं, झाकताना कधीच न पाहिलेल्या लोकांनी तो पसरवलेला असावा. एरवी जमिनीवर पडलेला शेंगदाणा फुंकर मारून तोंडात टाकणारा हा गृहस्थ वीस लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीपुढे उभा राहिला की कोपरापर्यंत हात धुतो, पंखा बंद करायला लावतो, श्वास रोखून धरतो आणि घरातल्या मांजराकडे संशयाने बघतो. हे दृश्य महाराष्ट्रात उघडपणे दिसत नाही, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. अमेरिकेत मात्र १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बीअर करायची मोकळीक मिळाली. त्यामुळे न्यू जर्सीच्या तळघरांत (त्यात मराठी तळघरंही आलीच) हा चिंतेचा विषय आज राजरोस चघळता येतो: झाकण किती घट्ट लावावं? वर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी, हवाच का? अॅल्युमिनियमची फॉइल चालेल का? फडकं बांधलं तर? चिंता खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलेला आहे. माझं म्हणणं असं की फर्मेंटरचं झाकण जंतूंना थोपवायला जेवढं लागतं, त्याहून कितीतरी जास्त ते बीअर करणाऱ्याला थोपवायला लागतं.

पहिला पुरावा लुई पाश्चर यांचा. १८६० च्या सुमारास त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे काचेचे चंबू केले आणि त्यात पौष्टिक रस उकळून ठेवला. चंबूचं तोंड उघडंच होतं. हवा आत-बाहेर खुशाल करत होती, पण धूळ नळीच्या वळणात अडकत होती आणि रस महिनोन्‌महिने स्वच्छ राहत होता. चंबू कलता करून रस त्या वळणापर्यंत नेला, की मात्र तो थोड्याच दिवसांत नासायचा. जंतूंना पंख नसतात; ते धुळीच्या कणांवर बसून येतात आणि वजनामुळे खाली पडतात, हे यातून सिद्ध झालं. म्हणजे आपल्याला हवी आहे ती वरून पडणाऱ्या गोष्टींपासून आडोशाची सोय. सैल घातलेली फॉइल ते काम करते, नुसतं ठेवलेलं झाकणही करतं. पुढे १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, तेव्हा पाश्चर यांनी जर्मनांचा सूड बीअरमधून उगवायचं ठरवलं. देशभक्तीचा इतका सुसह्य प्रकार इतिहासात क्वचितच सापडेल. त्या संशोधनासाठी १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले. तिथे त्यांनी यीस्टचा थेंब मागून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात नको ते पाहुणे दाखवून दिले. आठवड्याच्या आत व्हिटब्रेडने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. नवी झाकणं घेतली नाहीत, हे लक्षात घ्या.

दुसरा पुरावा कोपनहेगनचा. कार्ल्सबर्गची बीअर बिघडू लागली तेव्हा एमिल ख्रिश्चन हान्सेन या शास्त्रज्ञाने शोधून काढलं की गुन्हेगार घरातच आहे. दर खेपेला विश्वासाने ओतल्या जाणाऱ्या यीस्टमध्येच जंगली यीस्ट मिसळलं होतं. १८८३ मध्ये त्याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि दुखणं गेलं. चोर मोलकरणीच्या नव्हे तर यजमानाच्या वेशात असेल, तर दाराला कितीही कुलपं लावून काय उपयोग? तिसरा पुरावा तर चक्क झाकणाविनाच उभा आहे. इंग्लंडमध्ये टॅडकॅस्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीत दगडी चौकोनी हौदांत बीअर आंबते. जर्मनीतल्या केलहाइमला श्नायडरची गव्हाची बीअर उघड्या टाक्यांत फेसाळते. वरून बघणाऱ्याला फेसाचे डोंगर दिसतात आणि तरीही बीअर नासत नाही.

इथे पहिला आक्षेप येणार: त्या मोठ्या ब्रुअऱ्या आहेत, त्यांच्या खोल्या धुतलेल्या असतात, हवा गाळून घेतात, तुमच्या तळघरात कपडे वाळत घातलेले असतात. आक्षेप अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा आकड्यांनी सुटतो. वीस लिटर साध्या एल बीअरसाठी यीस्टच्या साधारण १८,००० कोटी पेशी घालाव्यात असा दंडक आहे. एवढी लोकसंख्या एकाच वेळी जेवायला बसल्यावर हवेतून पडलेल्या चार-दोन जिवाणूंच्या वाट्याला काय येणार? यीस्ट आधी वर्टमधला, म्हणजे न आंबलेल्या गोड रसातला, प्राणवायू संपवतं, मग आम्लता वाढवून पीएच पाचच्या वरून साडेचारच्या खाली आणतं, मग अल्कोहोल तयार करतं. हॉप्समधली कडू द्रव्यं बऱ्याच जिवाणूंचं बस्तान आधीच मोडून ठेवतात. आणि वर कार्बन डायऑक्साइडचा झोत बाहेरच्या दिशेने वाहत असतो. माणसाला आजारी पाडणारे जंतू या वातावरणात वाढू शकत नाहीत. तेव्हा बिघाडाची परमावधी म्हणजे बीअर आंबट किंवा उग्र होणं. मृत्युपत्र करायची गरज नसते. खरा धोक्याचा काळ म्हणजे वर्ट निवल्यापासून यीस्टने कामाला सुरुवात करेपर्यंतचे काही तास. त्यावर उपाय झाकणाचा नाही; भरपूर, ताजं, जोमदार यीस्ट आणि ते लवकर घालणं, हा आहे. फर्मेंटरवरचं सर्वांत विश्वासू झाकण आत पोहत असतं.

मग बीअर बिघडते कशाने? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात खरा, पण लोणचं नासतं ते दादऱ्यातून शिरलेल्या हवेने नव्हे. कोणीतरी घाईत घातलेल्या ओल्या चमच्याने. फर्मेंटरमधले ओले चमचे अनेक आहेत: बादलीचा नळ, जो उघडून आतून कोणी धूत नाही, बीअर उपसायची नळी, जिच्या आत मागच्या खेपेची आठवण चिकटलेली असते, बाटलीच्या तळाचा वाळलेला चट्टा, आणि प्लास्टिकवर काथ्याने घासून पाडलेले ओरखडे. त्या ओरखड्यांत जिवाणू असे निवांत राहतात की जंतुनाशकाची लाट डोक्यावरून जाते आणि त्यांना पत्ता लागत नाही. म्हणून जाणकार आधी धुतात आणि मग निर्जंतुक करतात. मळावर ओतलेलं जंतुनाशक म्हणजे केवळ निर्जंतुक होऊ घातलेला मळ. पण ही कामं कंटाळवाणी आहेत. नळ सोडवून आतला चिकटा काढण्यात कसलंही नाट्य नाही. झाकण दाबून बसवण्यात आहे. त्यामुळे माणूस नळ विसरतो आणि झाकणाच्या कडेवर चार वेळा अल्कोहोल फवारतो.

त्यातही सर्वांत मोठा ओला चमचा म्हणजे खुद्द बीअर करणारा. त्याने एवढ्या बंदोबस्ताने लावलेलं झाकण दुसऱ्या दिवशी कोण उघडतं? तोच. ‘जरा बघतो’ म्हणून. तिसऱ्या दिवशी वास घ्यायला, चौथ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला, आणि पाचव्या दिवशी एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणून. हे बुडबुडे बघत बसणं हा अनेकांचा छंद आहे, आणि ते थांबले की घरात सुतकी शांतता पसरते. वास्तविक बादलीचं झाकण जरासं गळत असेल तर वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. आत यीस्ट मात्र ठणठणीत असतं. आंबणं संपलं की नाही ते हायड्रोमीटर सांगतो, आणि तोही दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा दाखवला तर. घट्टपणाचा अतिरेक तर वेगळंच प्रकरण घडवतो: उसळता फेस एअरलॉकची नळी बुजवतो, दाब वाढतो आणि झाकण छताला जाऊन आदळतं. जंतूंपासून वाचवलेली बीअर मग भिंतीवरून खाली ओघळते. सुरुवातीचे दिवस एअरलॉकच्या जागी जाड नळी लावून तिचं टोक पाण्यात सोडणारे लोक हे प्रकरण टाळतात.

दुसरा आक्षेप: मग झाकण लावूच नये का? लावावं, जरूर लावावं. फक्त कशासाठी ते ओळखून. जोर ओसरला की बाहेर वाहणारा वायूही ओसरतो. कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो बीअरवर पांघरुणासारखा पडून राहतो, असं पुष्कळ जण समजतात. पण वायू एकमेकांत मिसळतात, आणि ते पांघरूण काही वेळातच विरतं. प्राणवायू आत आला की बीअर शिळी लागते, आणि अॅसिटोबॅक्टर या जिवाणूला तर तोच हवा असतो. अल्कोहोलचा तो शिरका करतो. त्याची वाहतूक फळमाश्या करतात, आणि त्यांना खरोखरच पंख असतात. म्हणजे झाकणाची गरज शेवटाकडे वाढत जाते, आणि आपली काळजी मात्र पहिल्याच दिवशी खर्च होऊन गेलेली असते. तिसरा आक्षेप रसिकांचा: ब्रुसेल्सला कांतियों ब्रुअरीत गरम वर्ट माळ्यावरच्या उथळ हौदात रात्रभर उघडं ठेवतात, हवेतल्या जंतूंना रीतसर निमंत्रण असतं, आणि कोळी फळमाश्या खातात म्हणून त्यांची जाळीही झाडत नाहीत. मग भीती कशाला? ठीक. पण ते काम फक्त थंडीच्या मोसमात करतात, लाकडी पिंपांत ते वर्षानुवर्षं मुरवतात आणि वेगवेगळ्या वयाची बीअर चाखून चाखून मिसळतात. तेवढी तयारी नसलेल्याने बिघडलेल्या बादलीला बेल्जियन म्हणणं हे पोळी करपल्यावर तिला तंदुरी म्हणण्याइतकंच प्रामाणिक आहे.

तेव्हा निवाडा असा. पहिले दिवस कोणतंही सैल आच्छादन चालतं, अट एवढीच की यीस्ट भरपूर असावं. नंतर हवा अडवणारं झाकण हवं, आणि एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका किंवा जंतुनाशक असावं, कारण बादली थंड झाली की एअरलॉकमधला द्रव आत ओढला जातो. उरलेली सगळी निष्ठा नळ, नळी आणि बाटल्यांच्या चरणी वाहावी. आणि झाकण निवडताना दुकानदाराला ते किती हवाबंद आहे हे विचारण्यापेक्षा ते उघडायला किती त्रास पडतो हे विचारावं. जितका त्रास जास्त, तितकी बीअर सुरक्षित.