‘पंधरा मिनिटांत तयार’ म्हणणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

तुमचा व्हिडिओ एका मिनिटाचाही नाही, आणि त्यात शिकवलेला पदार्थ पंधरा मिनिटांत होतो असं त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. ‘क्रीमी बीफ पास्ता, अगदी नवशिक्यांसाठी.’ तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. सगळ्यांचा ओटा पांढरा, पॅन काळा आणि घड्याळ खोटं.

हे खोटं तुम्ही कुणाला सांगता ते आधी ऐका. दर ऑगस्टमध्ये पुणे, नाशिक, नागपूर, पणजीहून मुलंमुली शिकायला न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, मिशिगनमध्ये उतरतात. बॅगेत मेतकूट असतं, थालीपिठाची भाजणी असते, छोटा कुकर असतो. ते संपलं की मुलं सुपरमार्केटात जातात. कुणी बीफ खातं, कुणी खात नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि मी त्यात पडणार नाही. पण महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे जी मुलं इथे येऊन बीफ रांधायला घेतात, त्यांतल्या अनेकांनी ते आधी कधी हातातही घेतलेलं नसतं. शेजारी आई नसते, काकू नसते. असता फक्त तुम्ही. आणि अशा माणसाला तुम्ही पंधरा मिनिटं सांगता.

चला, हिशोब करू. तीन-चार लिटर पाण्याला विजेच्या साध्या शेगडीवर खळखळून उकळी यायलाच दहा-बारा मिनिटं जातात. जाड नळ्यांचा पास्ता शिजायला पाकिटावर दहा ते बारा मिनिटं लिहिलेली असतात. तुमची पंधरा मिनिटं इथेच संपली, आणि अजून कांदा चिरलेला नाही. तुमच्या व्हिडिओत तो वाटीत चिरून ठेवलेला असतो. लसूणही ठेचलेला, चीजही किसलेलं. ज्याने आयुष्यात चार कांदे चिरलेत त्याला एक कांदा आणि चार पाकळ्या लसूण यांना दहा मिनिटं लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत, नाहीतर बोट कापेल. हे काम तुम्ही कॅमेऱ्यामागे उरकलंत आणि वेळेतून वजा केलंत.

कांद्याच्या वेळेवर खोटं बोलण्याची तर या धंद्यात जुनी खोड आहे. टॉम स्कोका नावाच्या पत्रकाराने २०१२ साली ‘स्लेट’ नियतकालिकात यावर लेख लिहून पाककृती लिहिणाऱ्यांना जाब विचारला होता: कांदा खरपूस तपकिरी आणि गोड व्हायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, मग तुम्ही पाच-दहा मिनिटं का लिहिता? त्या लेखाला इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही कांदा टाकता, पडदा एकदा लवतो आणि कांदा तांबूस होऊन येतो. वाईट म्हणजे या पदार्थाला तसा कांदा लागतही नाही. तो मऊ झाला, कडा जरा सोनेरी झाल्या की पुरे. त्याला सात-आठ मिनिटं लागतात. खरं सांगून तुमचं काहीच बिघडत नव्हतं.

मुलगी बिचारी तुमच्या घड्याळावर चालते. तुम्ही म्हणालात तेव्हा मांस टाकते, म्हणालात तेव्हा क्रीम ओतते. समोर येतं ते करड्या रंगाचं, पाणचट, कच्च्या कांद्याच्या वासाचं काहीतरी. तुम्ही चुकलात असं तिच्या मनातही येत नाही. आपल्याला स्वयंपाक जमत नाही, अशी तिची खात्री होते. उद्यापासून ती बाहेरून मागवते. माझा राग या एका गोष्टीवर आहे. पास्ता बिघडला तर बिघडला; पण हाताला चव येण्याआधीच एका माणसाचं मन तुम्ही स्वयंपाकातून उठवलंत.

आता मांसाकडे येते. तुम्ही सगळा खिमा एकदम पॅनमध्ये ओतता आणि लगेच उलथन्याने ढवळत सुटता. ढवळणं कॅमेऱ्यात छान दिसतं. पण मांसाला रंग आणि चव येते ती ज्या प्रक्रियेने, तिचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली केलं. ती जोमाने चालायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. पाणी उकळतं १०० अंशांवर. पॅनमध्ये पाणी साचलंय तोवर मांस वाफेवर शिजतं, भाजलं जात नाही. म्हणून पॅन आधी चांगला तापवायचा, खिम्याचं पाणी कागदी रुमालाने टिपून घ्यायचं, तो पसरून हलक्या हाताने दाबायचा आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. आधी फसफस ऐकू येते. पाणी आटलं की तिची चरचर होते. त्या आवाजानंतर उलटायचं. हे सांगायला तुम्हाला दहा सेकंद लागले असते, पण त्या आवाजावर तुम्ही गाणं लावलंय.

यापुढचा अपराध गंभीर आहे. खिमा अजून गुलाबी असताना तुम्ही म्हणता, ‘थोडं लाल राहिलं तरी चालेल, सॉसमध्ये शिजेल.’ आणि सॉसला देता दोन मिनिटं. अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा वरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात. म्हणून आतून लालसर स्टेक लोक खातात. खिमा करताना तीच वरची बाजू सगळ्या मांसात मिसळते. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना आहे की बीफचा खिमा आतून १६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७१ सेल्सिअसपर्यंत, शिजलाच पाहिजे. १९९३ साली इथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत कमी शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ची साथ पसरली होती. सातशेच्या वर माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी सरकारने खिम्यातला हा जंतू म्हणजे भेसळ ठरवली. तुम्ही मात्र ‘चालेल’ म्हणता.

आणि नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. काही खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसतो. नवशिक्याला थर्मामीटर दाखवा. मोकळ्या खिम्यात त्याचं टोक टेकत नाही, तेव्हा पॅनच्या मधोमध खिम्याचा ढीग करून त्यात खुपसायचं. थर्मामीटर हाताशी नसेल तर सॉसमध्ये दहा मिनिटं रटरटू द्यायचं. पाकिटातला खिमा नळाखाली धुवायचा नाही. आपल्याकडे मटण धुवून घ्यायची सवय असते, पण इथे त्या शिंतोड्यांनी सिंकभर जंतू पसरतात. गोठलेला असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली ठेवायचा, ओट्यावर नाही.

सुपरमार्केटातल्या पाकिटांवर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे असतात: पहिला मांसाचा, दुसरा चरबीचा. तुम्ही नुसतं ‘बीफ घ्या’ म्हणता आणि मुलगा त्या फडताळापुढे उभा राहतो. या पदार्थाला ८५/१५ बरं. चरबी जास्त सुटली तर चमचाभर ठेवून बाकीची रिकाम्या डब्यात काढायची, सिंकमध्ये ओतायची नाही. थंड झाली की ती पाइपात थिजते आणि भाड्याच्या घराचं सिंक तुंबतं. तुम्ही ती कुठे ओतलीत, हे व्हिडिओत दिसतच नाही.

क्रीमचंही तेच. ‘थोडं क्रीम.’ कुठलं? इथे ‘हेवी क्रीम’ म्हणजे किमान ३६ टक्के स्निग्धांश. शेजारच्या बाटलीतलं ‘हाफ अँड हाफ’ साडेदहा ते अठरा टक्क्यांचं. टोमॅटोच्या आंबटपणात आणि उष्णतेत हेवी क्रीम टिकतं. पातळ दूध किंवा दही फुटून दाणेदार होतं. हा फरक तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या हातातली बाटली हेवी क्रीमचीच आहे. फक्त तिचं लेबल तुम्ही पलीकडे वळवलंय.

सोप्या स्वयंपाकाला माझा विरोध आहे असं समजू नका. मांसाला दूध-मलईची जोड ही जुनी, मानाची गोष्ट आहे. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने रागूची जी कृती नोंदवली, तिच्यातही दूध आहे. अमेरिकेत १९७१ साली ‘हॅम्बर्गर हेल्पर’ देशभर विकायला आलं: एक पाकीट, एक पौंड खिमा, एक पॅन. कामावरून दमून आलेल्या माणसांनी त्यावर मुलं वाढवली, आणि त्यांना नावं ठेवणारी मी नाही. त्या खोक्यावरसुद्धा पाणी किती, दूध किती, किती वेळ झाकायचं हे छापलेलं असतं. तुम्ही तेवढंही सांगत नाही.

आमच्याकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. घराघरांत ती गेली कारण तिच्यात माप होतं, वाटीचं आणि चमच्याचं, जे कुणाच्याही स्वयंपाकघरात असतं. आणि मसाला तेल सुटेपर्यंत परता असं सांगणाऱ्या आमच्या बायका मिनिटं मोजत नव्हत्या. काय दिसायला हवं ते सांगत होत्या. शेगडी बदलली, भांडं बदललं, तरी ती खूण बदलत नाही. नवशिक्याला अशी खूण हवी असते.

म्हणून तुम्ही जे सांगायला हवं होतं ते मीच लिहिते. तिघा-चौघांसाठी एक पौंड, म्हणजे ४५० ग्रॅम खिमा. पास्ता ३४० ग्रॅम, आखूड आणि पोकळ, म्हणजे सॉस आत शिरेल. पाणी आधी चढवा, लिटरमागे साधारण १० ग्रॅम मीठ. तेल घालू नका, घातलं तर सॉस चिकटणार नाही. पाणी तापतंय तोवर चिरायचं ते सगळं चिरून घ्या. खिमा वर सांगितला तसा भाजून बाजूला काढा. त्याच पॅनमध्ये कांदा, चिमूटभर मीठ, मध्यम आच. कांद्याला पाणी सुटलं की तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. चव तिथे असते. कांदा मऊ झाला की लसूण, अर्धा मिनिट. मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. तिचा लाल रंग विटकरी होईपर्यंत परता. कुटलेल्या टोमॅटोचा ४०० ग्रॅमचा डबा घाला, खिमा परत घाला, मंद आचेवर दहा मिनिटं. आता अर्धा कप हेवी क्रीम.

पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटं आधी काढा. त्याआधी कपभर पाणी बाजूला ठेवा. तुम्ही ते पाणी सिंकमध्ये ओतताना दिसता, आणि ते पाहून मला राहवलं नाही म्हणूनच हे पत्र. त्या गढूळ पाण्यात पिष्ट असतं. तेच चरबी आणि पाणी एकजीव धरून ठेवतं. पास्ता सॉसमध्ये घाला, थोडं थोडं ते पाणी घालत दोन मिनिटं हलवा, सॉस नळ्यांना लपेटून चकाकायला लागेपर्यंत. मग आच बंद. चीज त्यानंतर, ताजं किसलेलं. पाकिटातल्या किसाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिष्ट लावलेलं असतं, ते नीट विरघळत नाही. ज्यांना बीफ नको त्यांनी मटणाचा खिमा घ्यावा, तपमान तेच. चिकनचा घेतला तर १६५ फॅरनहाइट.

पहिल्यांदा करणाऱ्याला याला पन्नास मिनिटं लागतात. दोन-चार वेळा केल्यावर पस्तीस. हाच आकडा व्हिडिओवर लिहा, त्याच पिवळ्या अक्षरांत. कांदा कॅमेऱ्यासमोर चिरा, निदान अर्धा. गाणं बंद करून चरचर ऐकू द्या. क्रीमचं लेबल पुढे वळवा. ‘चालेल’ हे वाक्य काढून टाका, आजच, बाकीचं मागाहून करा. लोक कमी बघतील अशी भीती असेल तर बघू देत कमी. जे बघतील त्यांच्या ताटात जेवण असेल.

आणि उरलेल्याबद्दलही दोन वाक्यं टाका, कारण एकट्या राहणाऱ्याच्या घरी उरतंच: दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं, गरम करताना चमचाभर दूध घालून वाफा येईपर्यंत.

उत्तराची वाट पाहते. व्हिडिओ बदललात तर तेच उत्तर समजेन.

कळावे,
नव्याने आलेल्या मुलांना रांधायला शिकवणारी एक बाई
न्यू जर्सी